पाच ग्रॅमचा राजा

हैनुफ्काच्या लाकूडगिरणीत एकतीस वर्षं काढली.
बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत,
हे मी येईल त्याला मोजून दाखवतो.
कान दाखवता येत नाहीत.
करवतीनं ते वरच्या बाजूनं खाल्ले :
आधी नाकतोडे गेले, मग बायकोच्या घड्याळाचा गजर,
मग तो.

आमच्याकडे त्याला मिसिक्रूलिक म्हणतात,
म्हणजे उंदराएवढा राजा.
वजन पाच ग्रॅम, माझ्या कोटाच्या दोन बटणांएवढं.
डोक्यावर पिवळी रेघ, कुणी ब्रश टेकवून लगेच उचलल्यासारखी.
एका जागी बसायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.
आणि राहतो कुठे, तर स्प्रूसच्या पोटात,
जिथे मे महिन्यात भर दुपारी
तिन्हीसांज असते.

लूबा आठ वर्षांची. शेजारच्या नाद्झेयाची धाकटी.
तिचे कान अजून कोरे आहेत.
ठरलं असं : ती ऐकणार, बोट दाखवणार,
मी बोटाच्या टोकापासून सरळ रेघेत लेन्स नेणार.
एका पक्ष्याला दोन झ्लोटी.
फोटो आला नाही तरी दोन झ्लोटी,
ही अट तिची. व्यवहाराला पक्की आहे.
एकदा विचारलं, आता कसा गातो गं?
म्हणाली, ओल्या बोटानं काच पुसल्यासारखा,
आणि शेवटी शिंकतो.

ती म्हणते, तिथे.
मी पोहोचेपर्यंत 'तिथे' रिकामं.
आयएसओ बारा हजार आठशे, भिंगाचं छिद्र सताड उघडं,
शटर सेकंदाचा साठावा भाग.
तेवढ्यात तो तीन निर्णय घेतो आणि दोन बदलतो.
माझ्याकडे अशा हजारो फांद्या आहेत,
सुई न् सुई मोजावी इतक्या स्वच्छ,
आणि कडेला एक हिरवट ओरखडा,
हातावर तुरी दिल्याचा पुरावा.
जावई म्हणाला, बाबा, हे पुसून टाका, जागा अडते.
म्हटलं, अडू दे.

मागणं एकच होतं. थोडा उजेड.
चर्चमध्ये मेणबत्ती लावून मागितला,
बाजूच्या लोकांनी तब्येत मागितली असेल.

उजेड आला.
सालीखाली तांदळाच्या दाण्याएवढे किडे आले,
त्यांनी आत नक्षी कोरली,
स्प्रूस तांबडे झाले, मग करडे,
मग उभ्या उभ्या नागडे.
गेल्या मे महिन्यात त्याच जागी
मीटर सेकंदाचा दोन हजारावा भाग दाखवत होतं,
आयएसओ चारशे.
असल्या उजेडात माशीचे पंख मोजून घ्यावेत.
मी तिपाई लावून बसलो.
लूबा बसली, गुडघ्यांवर हनुवटी टेकून.
लांब सुतारपक्षी ठोकत होता, तो मलाही ऐकू येतो.

चार दिवस तिचं बोट खिशात.
पाचव्या दिवशी बाहेर आलं : तिथे.
मी तीस फोटो काढले.

रात्री स्वयंपाकघरात एकेक मोठा करून पाहिला.
वाळकी फांदी. वाळकी फांदी. कोळ्याचा धागा.
वाळकी फांदी.
पक्षी निसटला असता तर कुठे तरी ओरखडा असता.
ओरखडा मी ओळखतो.

सकाळी दोन झ्लोटी पुढे केले.
तिनं आधी घेतले नाहीत, मग घेतले,
मग विचारलं, आला का नीट?
म्हटलं, एकदम. डोळ्यातली चमकसुद्धा.
बघू?
म्हटलं, बॅटरी संपली आहे.

ती बुटाच्या टोकानं शेवाळ उकरत राहिली.
मग आम्ही ओढ्यापलीकडे निघालो.
तिकडे सात-आठ स्प्रूस अजून हिरवे आहेत,
आणि अंधार चांगला आहे.