निरंक

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे,
यंत्रमागांचा खडखडाट जिथे भिंतीतून दातांत उतरतो,
तिथली ही संस्था. मंजूर संख्या चाळीस.
मी दोन दिवसांसाठी आलेली,
पिशवीत मोजपट्टी, शिक्क्याचं पॅड,
आणि उन्हासाठी कांदा.

हजेरीपट पाहिला.
महिनाभर एकाच शाईतले चाळीस 'ह',
एकाच बैठकीत भरलेले,
शेवटाकडे हात दमलेला दिसतो.
जेवणाला ताटं मोजली: एकतीस.
लिहिलं: गंभीर.

रॅम्प आहे. उतार नियमात बसतो.
वर जाऊन तो थांबतो एका कुलपापाशी;
किल्ली अध्यक्षांच्या घरी, जुळे सोलापुरात.
लिहिलं: मध्यम. मग खोडून, गंभीर.

चार चाकखुर्च्या अजून प्लास्टिकच्या वेष्टनात.
"पाहुणे आले की काढतो, मॅडम,"
हट्टरकी सर म्हणाले, आणि जीभ चावली.

ही भाषा मला चांगली येते.
आढळून आले. दिसून आले. निदर्शनास आले.
कोणाला आढळलं, कोणामुळे घडलं,
पत्ता लागत नाही.
वीस वर्षं मी कर्त्याशिवाय वाक्यं लिहिते
आणि भत्ता उचलते.

रात्रपाळीच्या नागमणी येमुल.
काम सोळा तास, पगारपत्रकात आठ.
त्यांनी अंबुजाला चादरींच्या खोलीत झोपवलं होतं,
नियम मोडून,
कारण मोठ्या खोलीत ती रात्रभर डोकं आपटते
आणि इथे, थप्प्यांच्या मधे, नव्या सुताच्या वासात
निजते.
"बाप माग चालवायचा तिचा," त्या म्हणाल्या,
मग तेलुगूत त्या मुलीला काहीतरी,
जे मी नोंदवलं नाही.
खोलीला खिडकी नाही. दार एकच, आत उघडणारं.
आग लागली तर?
पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं,
निळा ठिपका पसरत गेला.
लिहिलं: खोली बदलावी. बाई बदलू नये.
दुसरं वाक्य साहेब काढतील.
काढू देत.

तक्रारपेटी कार्यालयाच्या दाराशी.
नोंदवहीत, तीन वर्षांच्या तक्रारी: निरंक.
अक्षर सुंदर.
मी मोजपट्टी लावली. पाच फूट दोन इंच.

"काय मोजायलाव ओ?"
मल्लम्मा बिराजदार,
फळीला बेअरिंगची चाकं लावून फरशीलगत फिरणारी.
"पेटीची उंची."
"माझी पण घ्या की."
तिने हात वर केला, बोटं ताणली,
चेहरा लाल होईपर्यंत.
तीन फूट चार.
मधे उरले एक फूट दहा इंच.
एवढीच जागा, आणि तीन वर्षं तीत मावली.
हे कोणत्या तक्त्यात बसवायचं
मला माहीत नव्हतं,
म्हणून शेरा रकान्यात, आडवं लिहिलं.

निघताना अध्यक्ष आले.
चहा, शेंगाचटणीचं पाकीट, मोराची चादर घडी करून.
"आक्षेप जरा सौम्य शब्दांत, ताई.
अनुदान थांबलं तर ही लेकरं जातील कुठं?"
प्रश्न खोटा नव्हता. हेच तर अवघड.
चहा घेतला. चादर ठेवली टेबलावर,
शब्द होते तसे राहिले,
आणि एकतीस ताटं बसभर डोळ्यांपुढून हलेनात.

पूर्ततेची मुदत तीस दिवस.
"तीस दिसांनी तुम्हीच येणार?" मल्लम्माने फाटकाशी विचारलं.
नियमाने दुसरं कोणी येतं.
मी मोजपट्टी गुंडाळत होते.
"ती ठेवून जा की मग."

ठेवून आले.
सरकारी होती, क्रमांक घातलेली.
कार्यालयाच्या साहित्य नोंदवहीत, माझ्याच अक्षरात:
मोजपट्टी एक, प्रवासात गहाळ.