उसनी कोंबडी

कोल्ह्याने कोंबडा नेला, त्याला अकरा दिवस झाले होते.
तरी नाझिब्रोलाने अंड्यांवर पेन्सिलीने तारखा घातल्या
आणि माझी खुडूक कोंबडी उसनी नेली.

"कोंबड्याशिवाय काय उबवणार? ऑम्लेट?" मी कुंपणावरून.
"त्सियाला, तो गेला तरी
कोंबडीच्या पोटात तो दोनेक आठवडे राहतो."

इमेरेतीतला मार्च. द्राक्षवेली अजून काड्याच.
रवणाच्या टोपलीशेजारी तिने पाण्याचं भांडं ठेवलं;
हवा कोरडी पडली
तर पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटतं, म्हणे.
अंडी फिरवायची कोंबडीच, चोचीने,
रात्रीसुद्धा.

आठव्या रात्री वीज नव्हती.
मुठीत अंडं, खालून मोबाइलचा उजेड.
पहिलं: नुसता बलक.
दुसरं तेच. मी हसू दाबलं.
मग सर्वांत उशिराचं,
कोल्ह्यानंतर दहाव्या दिवशीचं:
तांबड्या कोळ्याने पाय पसरलेले,
मधे एक ठिपका,
हलणारा.

नाझिब्रोला काहीच बोलली नाही.
अंडं परत ठेवताना मला टोचलं
माझ्याच कोंबडीने,
ओळख न दाखवता.

विसाव्या पहाटे हाक आली. कान लाव, म्हणाली.
कवच गरम होतं, गालाइतकं.
आतून कुणीतरी
थांबून थांबून
ठोकत होतं.