सातव्या टॅबवर

माउस गेल्या वर्षीच काढून ठेवला.
त्याच्या वायरनं आईनं कूलरची फळी बांधली आहे.
मला बोटं पुरतात, आणि एक आवाज
जो बारापात्रे बाईंना दर वेळी
'बॅरापॅटर' म्हणतो आणि पुढे जातो.

महाल. मे महिना. दुपारचे अडीच.
गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.
हेडफोन मी एकाच कानाला लावतो,
दुसरा घरासाठी.

टॅब. बटण.
टॅब. बटण.
टॅब. बटण.
ज्यानं हे सॉफ्टवेअर लिहिलं त्याला वाटलं असेल
चित्र काढलं की झालं:
एखादी ज्योत, एखादी कचराकुंडी, एखादं अधिकचं चिन्ह.
माझ्यापर्यंत येईस्तोवर सगळ्यांचं नाव बटण.
लग्नात दूरचा पाहुणा
दिसेल त्याला नुसतं 'भाऊ' म्हणतो ना, तसं.

म्हणून मोजून ठेवलंय.
तिसरं फाइल जोडतं.
पाचवं सगळं पुसतं, विचारतसुद्धा नाही,
हे मी दोनदा शिकलो.
सातवं जाळतं.

"कायले जाळून राहिला बापा एवढ्या उन्हात?"
"सीडी."
"मंग खिडकी तरी उघड."

बालमानसशास्त्र, डी.एड., पहिलं वर्ष, सव्वीस पाठ.
रिटायर झाल्यावर बाई दर रविवारी वाचून द्यायच्या,
इतवारीत, धाग्यांच्या दुकानामागच्या खोलीत,
मी टेपचं बटण दाबून बसायचो
आणि त्या आधी घसा साफ करायच्या,
मग पानाचा आकडा सांगायच्या.
आता त्या पुण्याला, मुलाकडे.
फोनवर आपणच ओरडावं लागतं,
त्यांना ऐकू येणं कमी झालंय.

पाठ जायचेत देवलापारला, नमिता उईकेकडे.
तिच्या घरी नेट पोचत नाही.
वहिनीच्या आंदणात आलेला एक प्लेयर आहे,
त्याची बटणं खरी आहेत,
बोटाला लागतात.

अल्ट. खाली. खाली. स्पेस. वेग: चार.
सगळ्यात सावकाश तोच.
सातवा टॅब. एंटर.
आणि टिटवीच्या पिलासारखं एक बारीक टूं,
मग जरा वरच्या पट्टीत टूं,
नऊ टक्के, अठरा, एकतीस,
आकडा चढतो तशी पट्टी चढते.
डोळसांना एवढ्यासाठी स्क्रीनकडे बघत बसावं लागतं.

गेल्या शुक्रवारी एक्याण्णववर लाइन गेली.
ती तबकडी आईनं कूलरवर टांगली,
कबुतरं भिववायला.
तिच्यात पावणेचोवीस पाठ आहेत.
कबुतरं काही भिली नाहीत,
पण मुलांचा हट्ट कसा हाताळावा
हे त्यांना आता माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

आज अठ्ठ्याण्णववर आवाजच गेला.
टूं नाही. टक्के नाही. बॅरापॅटर नाही.
टॅब दाबला, काही नाही.
तिथे गोल फिरणारं काहीतरी दिसतं म्हणे,
त्यावरून माणसं समजून घेतात की थांबायचंय.
मला थांबा म्हणायलाही कोणी नाही.
मी तळहात डब्यावर ठेवला.
आत काहीतरी फिरत होतं,
आजारी माणसाच्या पाठीवर हात ठेवल्यावर
श्वास कळतो, तेवढंच.
हात काढला नाही.
कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा गरगरू लागला,
तरी काढला नाही.

मग ट्रे बाहेर आला आणि त्यानं चहाचा कप सांडवला.

तबकडी गरम. मधल्या भोकात बोट घातलं,
गुळगुळीत बाजू खाली. लावून पाहिली.
घसा साफ. "पान एकशेबारा."
मागे कुकरची शिट्टी.
बाई वाचता वाचता थांबतात, कुणाला तरी सांगतात,
"दोन झाल्या, एक अजून होऊ दे,"
आणि त्याच वाक्याचं उरलेलं टोक बरोबर धरतात.
हे कापायचं ठरवलं होतं.
राहू दिलं.
नमिताला वाटेल, पाठात भूकसुद्धा आहे.

पाकिटावर मी टोच्यानं तिचं नाव टोचत होतो,
उलटं, उजवीकडून डावीकडे,
तेव्हा आई ओला हात पुसत दारात आली.

"जळली का?"
"जळली."
"वास त नाही आला."