कंट्रोल सॅम्पल

त्या खेळात धुक्याच्या दरीत एक म्हातारी राहते.
तिच्या सात हरवलेल्या शेळ्या हाकून आणल्या
की ती एक टार्ट देते, एकदाच.
दिवसा निळा, तिन्हीसांजेला जांभळा,
वर साखरेची चांदणी, एक टोक मोडलेलं.

शेळ्या कैवल्यनं आणल्या, दहावीच्या सुट्टीत.
मग तो नोकरीला होसूरला गेला
आणि खेळ इरावतीच्या हातात देऊन गेला,
पिशवीसकट.
तेव्हापासून तो टार्ट तिथेच आहे,
मशाली आणि सुकवलेल्या अळिंबीच्या मध्ये.
"खाऊन टाक की."
"मग संपेल ना, बाबा."

म्हणून रविवारी दुपारी दोनला,
घणसोली, सेक्टर नऊ, आम्ही दुसरा करायला घेतला.

कृती कुठेच नाही. फक्त चित्र.
इरूनं पडदा थांबवला, नाक लावून पाहिलं:
"कड कणीदार आहे. म्हणजे रवा."
हिची रात्रपाळी झालेली, आतल्या खोलीत झोप,
म्हणून मिक्सर बंद, लोणी हातानं,
बोलणं खुणांनी.
खेळात कढईत तीन वस्तू टाकल्या
की टुणटुण वाजतं आणि पदार्थ हवेत तरंगतो.
इथे मनगट भरून आलं
आणि लोणी आपलं लोणीच.

निळ्यासाठी गोकर्ण.
मागच्या कुंपणावर वेल आहे, त्याखाली गायकर वॉचमन.
"देवाला का?"
"तसंच काहीतरी," म्हणालो.
एक्केचाळीस फुलं. गरम पाण्यात
शाळेच्या दौतीची आठवण उतरली.
चायनाग्रास, साखर, मग गाळणी.

ओव्हनच्या बटणावरचे आकडे पुसून गेलेत.
एकशे ऐंशी इथे कुठेतरी असावं,
असं धरून आम्ही जमिनीवर बसलो
आणि काचेतून पाहत राहिलो,
जसं बाकीचे लोक मॅच पाहतात.

साच्यातून काढताना कड तुटली.
"चांदणीचंही टोक मोडकंच होतं," इरू म्हणाली,
म्हणजे हिशेब जुळला.

संध्याकाळी लिंबू.
रबाळ्याच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं
हेच तर करतोय मी:
थेंब, थेंब, थेंब, आणि थांब.
पण तिथे रंग बदलला की आकडा लिहायचा असतो.
इथे निळ्यावर जांभळं पसरत गेलं
आणि कुणी काही लिहिलं नाही.

बूड कच्चं होतं. खरं सांगायचं तर रवा दातात येत होता.
इरूनं दुसरा तुकडा घेतला,
मग चाटलेल्या बोटानं बटण दाबलं
आणि खेळातलाही खाऊन टाकला.
मी बघतच राहिलो.
पडद्यावर एक ओळ आली:
एक मिनिट अंधारात दिसेल.
खेळात तेव्हा लख्ख दुपार होती.

कैवल्यला फोन लावला. "खाल्लास?" तो ओरडला,
मग थोडा वेळ फक्त त्याच्या मेसमधल्या ताटांचा आवाज.
"काय होतं खाल्ल्यावर?"
"अंधारात दिसतं. मिनिटभर."
"एवढंच?"
आणि दोघं इतकी हसली
की ही उठली, वैतागली,
आणि सातला ड्यूटीवर जाताना डब्यात तुकडा घेऊन गेली.

शेवटचा उरला तो मी फ्रीजमध्ये ठेवला.
सवय आहे हाताला: चिठ्ठी, तारीख, बॅच एक,
कंट्रोल सॅम्पल, हात लावू नये.
प्रत्येक बॅचचा एक नग राखून ठेवतात,
उद्या कुणी विचारलंच तर दाखवायला
की असं होतं.
तिला हसलो होतो मी. तीन वर्षं जपून ठेवते म्हणून.

सकाळी निघताना ही स्वयंपाकघरात,
नेरुळहून नुकतीच आलेली, खांद्यावर पर्स तशीच,
फ्रीजचं दार उघडं, चिठ्ठी ओट्यावर.
उभ्यानं खात होती, लिंबाशिवाय, निळाच.
"रात्री डब्यातला सिस्टरांनीच संपवला," म्हणाली,
ओठ निळे,
"चांगलं आहे हे. कुणी दिलं?"