काल चालत होतं

रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला
आमच्या केंद्राचं क्लस्टर:
चाळीस नोड, दोन एसी (त्यातला एक चालू),
आणि रॅकचे स्क्रू खाणारी खारी हवा.

रेहाना फणसोपकर दारात उभी.
"सर, काल चालत होतं."
हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय
की मी आता फक्त विचारतो, काल म्हणजे कधी?

रात्री कुणीतरी घाईत
सगळ्यांच्या पायथनमध्ये स्वतःला हवं ते ओतलं होतं.
तिचे बांगडे मोजायचे थांबले,
खालच्या मजल्यावर खाडीचा गाळ साचायचा थांबला.

म्हटलं, अगो, गावच्या विहिरीत कुणी सोलकढी करतं का?
कळशीभर पाणी घरी न्यावं,
मग त्यात कोकम घाल नाहीतर मीठ.
आधी मॉड्यूल लोड कर, आवृत्ती आकड्यानिशी सांगून.
मग तुझं एनव्हायर्नमेंट बांध.
एक ध्यानात ठेव, ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही,
जिथे बांधलं तिथला पत्ता त्याच्या हाडांत असतो.
आणि काय काय घातलंस त्याची यादी.
"आठवेल की, सर."
नाही आठवत.

दुपारी डिस्क भरली. शोधत शोधत
विनायक तांडेलच्या फोल्डरपाशी आलो.
सहा वर्षं झाली त्याला जाऊन,
हर्णैला आता बर्फाचा कारखाना.
एनव्हायर्नमेंटचं नाव: ओहोटी.
आत सगळं जागच्या जागी,
फक्त पायथनची लिंक जिकडे बोट दाखवत होती
तिकडे काही नव्हतं.
तीन पॉइंट सहा. मार्चच्या साफसफाईत
मीच काढलं होतं ते, वापरात नाही म्हणून.

फोन केला. मागे लादी फोडणारं यंत्र.
"ठेवू की काढू?"
"यादी आहे काय रे त्यात?"
होती. सतरा ओळी.
"मग काढ."

चार जीबी मोकळे झाले.
रेहानाचा जॉब रांगेत लागला, नववा.
सगळे गेल्यावर मी ती यादी घेऊन बसलो,
नव्या जागी, नव्या नावाने.
पंधरा ओळी आल्या. दोन
कुठेच सापडल्या नाहीत.

तेव्हा आजची भरती किती वाजता
हे पाहायला
मी खिडकी उघडली.