अळणी

उदगीरच्या ढोरांच्या दवाखान्यात
एका देवणी गाईच्या मागं आमचा नंबर होता.
गाय कुणाकडं बघत नव्हती.
करडी माझ्या जुन्या शालीत, पोट तापलेलं,
आणि डॉक्टरीणबाई, माझ्या सुनेएवढ्या,
म्हणाल्या, पिशवीत पू झालाय. काढावी लागेल.

काढली.
मला दाखवायला आणली ट्रेमध्ये.
मी भिंतीवरचं जंतांचं पोस्टर वाचत राहिले,
दोनदा वाचलं.

मग कागद. गोळ्यांच्या खाली, निळ्या शाईत:
उकडलेलं अंडं, रोज एक.
मऊ भात. लाल भोपळा.
मीठ नाही, तिखट नाही, कांदा-लसूण अजिबात नाही.
शेवटचं वाचून हे खूश झाले,
"हे तर आपल्या श्रावणासारखंच झालं."
मी बोट वर नेलं, पहिल्या ओळीवर.
घरापर्यंत रिक्षात कुणी बोललं नाही.

गळ्यात लिंग असलेल्या घरात अंडं म्हणजे काय,
ते गल्लीला माहीत आहे.
अठ्ठावन्न वर्षांत माझ्या हाताला
त्याचं वजन माहीत नव्हतं.
वाटलं होतं, जड असेल.

भिंतीवरून नसीमला विचारलं,
हे शिजलं कसं कळतं गं?
ती आधी हसली, मग हसायची थांबली.
"नक्को डरो मावशी. पाणी उकळ्यावर दहा मिनटं,
मग गार पाण्यात टाक. कवच सुटतंय आपोआप."
आणि एक पातेलं दिलं, काठाशी चेपलेलं.
ते मी मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशेजारी
पालथं ठेवू लागले.
तिथंच तीन विटा. तुराट्यांचा जाळ.

पहिल्या दिवशी करडीनं तोंड फिरवलं.
गळ्यात बूड कापलेली निळी बादली,
तिच्यातून डोळे असे, जसे आडात पडलेले.
मी बोटानं पिवळं कुस्करलं, भातात कालवलं,
भोपळा थोडा, वर कोमट पाणी.
तळहातावर धरलं.
"खा गं बाई. कामून खाईना गेलीस?"
गुडघ्याला मुंग्या आल्या.
मग जीभ आली, कोरडी, खरखरीत,
दोन शितं उचलून परत गेली.
दोनच. मी मोजली.

माझीही पिशवी काढली होती, लातूरला,
मोठ्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी.
नवव्या दिवशी मी परातीपुढं होते.
मळताना टाका ओढायचा,
म्हणून पीठ हलक्या हातानं मळायचे;
भाकरी काठाला चिरायची,
आणि ताटावर कुणीतरी म्हणायचं,
आज काय झालं भाकरीला?
तेव्हा असा कागद मिळाला होता का, आठवत नाही.
मिळाला असेल.
हे चांगलेच आहेत. वाईट म्हणणार नाही मी.

चौथ्या दिवशी तिनं वाटी चाटून पालथी केली.
सातव्या दिवशी नसीमनं भिंतीवरून
उकडलेल्या कोंबडीचं पाणी आणलं, झाकण घट्ट लावून.
म्हणाली, मी ओतते, तू तिकडं बघ.
मी तिकडं बघितलं. लिंबाच्या झाडाकडं.
वास मात्र इकडंच आला,
आणि मला तो वाईट वाटला नाही.
हे मी अजून फक्त करडीला सांगितलंय.

एकदा तिचा भोपळा-भात उरला,
अंडं घालायच्या आधीचा.
उभ्यानंच खाल्ला मी.
भोपळ्याला स्वतःची गोडी असते म्हणे.
चाळीस वर्षं मी तिच्यावर गूळ घालत आले.

बाराव्या दिवशी टाके निघाले.
बादली काढली तरी अर्धा तास
ती भिंतीपासून हातभर लांबूनच वळत होती.

संध्याकाळी भांडी लावताना बघते तर
ते चेपलेलं पातेलं मांडणीवर,
दुधाच्या पातेल्याला लागून.
राखेनं घासलेलं, लख्ख.
घरात आम्ही दोघंच.
हे पेपर वाचत होते,
पान सकाळचंच होतं.

मी पातेलं हलवलं नाही.
भाकरीचा तुकडा घेऊन मागच्या दारी गेले.
करडी नसीमच्या भिंतीकडं तोंड करून बसलेली.
तुकडा हुंगला,
आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं,
आज काय झालं भाकरीला, असं.