हातचा

हापाईतल्या आमच्या बेटावर
गोड्या पाण्याची मोठी टाकी एकच, शाळेमागची,
आणि तिला मार्चपासून तडा आहे.
म्हणून ही मिटिंग.
सेमीसीनं वही उघडली, मी चष्मा पुसला.

पहिला प्रश्न वेळेचा.
शनिवारी दुपारी चार,
तेव्हा ऑकलंडला तीन
आणि सॉल्ट लेक सिटीत अजून शुक्रवार, रात्रीचे नऊ.
"म्हणजे ते काल देणार
आणि आपण आज घेणार?" म्हातारा विलिसोनी म्हणाला.
कुणी हसलं नाही. हिशेबाला धरूनच होतं ते.

दुसरा, वायफायचा.
दवाखान्याचं वापरा, नर्स म्हणाली,
पण बाळंतीण आली तर लाइन माझी.
मोठ्या बेटावरच्या डॉक्टरला मला विचारावं लागतं.

तिसरा प्रश्न खरा.
आमच्याकडे मदत पेटीत पडत नाही.
पोरगी नाचते, दंडांना खोबरेल चोपडलेलं;
ज्याला द्यायचं तो उठतो,
ठेका धरत पुढे जातो, नोट तिच्या दंडावर थापतो.
चिकटते.
आता काचेपलीकडून थापायची कशी?

सेमीसीचा पोरगा म्हणाला, पडद्यावर आकडा दाखवू,
रंगीत, वाढत जाणारा.
"त्या आकड्याला खोबरेलाचा वास येईल का?"
कालोलाइनेनं विचारलं.
तो मुद्दा वहीत गेलाच नाही.

तीस वर्षं मी पोरांना बेरीज शिकवली.
नऊ नि सात सोळा, सहा मांडले, हातचा एक.
म्हटलं, तिकडच्या दर घरामागे
इकडचा एक हात नेमू.
त्यांचे पैसे आले की नाव पुकारायचं,
हात उठेल, त्यांच्या वतीनं लावेल.
यादी झाली. चोवीस घरं, चोवीस हात.
माझ्या वाट्याला आनासेइनी, सॉल्ट लेक.

माझी धाकटी बहीण.
आईच्या चटईवरून अकरा वर्षांचा अबोला.
हे वहीत नव्हतं
आणि खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.
सेमीसीनं वर न बघताच नाव लिहिलं. बदमाश.

नोटा बेटावर कमी.
दुकानाच्या गल्ल्यातून चाळीस उसन्या घेतल्या, वीस-वीस पांगांच्या.
दंडावरून डब्यात, डब्यातून पुढच्या हातात,
पुन्हा दंडावर.
एकाच नोटेनं त्या दुपारी सात घरं नाचवली,
तेल पिऊन पिऊन तिच्यातून उजेड दिसायला लागला.
फळ्यावर मी खडूनं रेघा ओढत होते.
पडद्यावर विलिसोनीचा नातू, ट्रकच्या केबिनमधून,
स्टिअरिंगवर ताल धरत होता.
त्याच्या नोटेला म्हातारा स्वतः उठला, काठी टाकून.

साडेपाचला बाळंतीण आली.
ठरलं होतं तसं, लाइन गेली.
पडदा थिजला. ट्रकवाल्याचं तोंड उघडंच.

पोरगी क्षणभर थांबली, आमच्याकडे पाहिलं,
मग पुन्हा मनगट वळवलं.
आणि हात उठत राहिले.
नाव पुकारायला कुणी नाही, आकडा कळायला मार्ग नाही,
तरी उठत राहिले, तिकडच्यांच्या वतीनं,
अंदाजानं, उधारीवर.

आनासेइनीचं नाव तोवर आलेलं नव्हतं.
माझ्या बटव्यात माझी एक नोट होती, रॉकेलसाठी ठेवलेली.
मी नाचले असं म्हणवत नाही. गुडघे आहेत.
चालत गेले, लावली,
आणि नाव मोठ्यानं घेतलं, तिचं,
अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी समोर.

रात्री नऊला लाइन आली. मुलगी झाली होती, तीन किलो.
बहुतेकांचे पैसे आले, काहींचे अंदाजाहून जास्त,
दोन घरांचे नाही.
आनासेइनीचा रकाना मी झाकून ठेवला, सकाळी बघेन.

नोटा साबणानं धुऊन दोरीवर वाळत घातल्या,
दुकानाला परत करायच्या.
सेमीसीनं दोनदा मोजल्या. एकेचाळीस.
चूक आहे, म्हणाला.
म्हटलं, चूक नाही, हातचा आहे.

मांडायचा कुठे, ते अजून कळलेलं नाही.